अळणी श्रावण

औषधाच्या दुकानात सर्दी-खोकल्याचं गिऱ्हाईक मोठ्यानं बोलतं, मूळव्याधीचं जरा हळू बोलतं, आणि डोक्याच्या, म्हणजे मनाच्या आजाराच्या गोळ्यांचं गिऱ्हाईक बोलतच नाही. ते चिठ्ठी काउंटरवर ठेवतं, तिच्यावर पंजा ठेवतं आणि बाकीची माणसं जाईपर्यंत च्यवनप्राशच्या जाहिरातीकडे बघत उभं राहतं. हिंगणघाटात पस्तीस वर्षं मेडिकल चालवल्यावर पंजा पाहूनच मला चिठ्ठीत काय आहे ते कळायचं. आता दुकान लेक चालवते. माझ्यापेक्षा नीट चालवते, पण हे मी तिच्यासमोर कबूल करत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, आमचं काम म्हणजे फळीवरची डबी काढून देणे. खरं काम त्याच्या पुढे असतं. एका म्हाताऱ्याला मी वर्षानुवर्षं रक्तदाबाची गुलाबी गोळी देत होतो. कंपनी बदलली, औषध तेच, पण गोळी पांढरी आली. त्याला अर्धा तास समजावलं. त्यानं मान डोलावली, गोळ्या घेतल्या आणि घरी जाऊन फडताळात ठेवून दिल्या. पुढच्या महिन्यात तो चक्कर येऊन पडला. "पांढरी माही नव्हतीच जी," म्हणाला. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारायचो, घरी काय खाता, काय पिता, गोळी खरंच घेता का, आणखी कुणाची घेता का. लोक हसायचे. मेडिकलवाला आहे की पोलीस, म्हणायचे. डॉक्टरचं अक्षर वाचता येतं आणि माणूस त्याहून लवकर वाचता येतो, असा माझा समज होता. हा समज कसा उतरला ते सांगायचं आहे.

कुंदाताई माझ्या बायकोची, शैलाची मैत्रीण. आमच्याच गल्लीत राहतात. नवरा प्रभाकर जिनिंगमध्ये काट्यावर, म्हणजे कापसाच्या गाड्या तोलण्याच्या कामावर आहेत. कुंदाताई मंगलाष्टका आणि पाळणे करून द्यायच्या. तसं करणाऱ्या बाया पुष्कळ असतात. पण कुंदाताई आधी लग्नघरी जाऊन तासभर बसायच्या, चहा प्यायच्या, इकडचं तिकडचं विचारायच्या. मग मांडवात उभ्या राहून म्हणायला लागल्या की त्यात नवरीचा बाप रोज संध्याकाळी लुना घेऊन एसटी स्टँडवर लेकीची वाट बघत उभा राहायचा हे यायचं, आणि तो बाप मांडवाच्या खांबाआड तोंड लपवायचा. लोक जेवण विसरायचे, पण ती ओळ विसरायचे नाहीत.

आणि त्याच कुंदाताई आष्टीच्या एका लग्नात थांबेनात. आठ मंगलाष्टका झाल्या, दहा झाल्या, पुढच्या त्या उभ्या उभ्या रचू लागल्या. आधी माणसं कौतुकानं हसली. मग हातातल्या अक्षता संपल्या. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, मुहूर्त टळला, भटजी घड्याळ दाखवू लागले, तरी यांचं चालूच. डोळे चमकत होते, घाम गळत होता. शेवटी प्रभाकररावांनी हाताला धरून बाजूला नेलं. पुढे चार दिवस त्या झोपल्या नाहीत, कपाटातल्या साड्या गल्लीत वाटल्या. मग दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. वर्ध्याच्या डॉक्टर मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. मन कधी उधळतं, तर कधी बसकण मारतं, उठता उठत नाही. गोळ्या सुरू झाल्या. चिठ्ठी माझ्याकडे आली.

पहिल्या गोळीनं घर शांत झालं. "बरं झालं जी, निवांत झाली," प्रभाकरराव म्हणायचे. मलाही बरंच वाटलं. कुंदाताई दुकानात यायच्या, गोळ्या घ्यायच्या, मंद गोड हसायच्या, जायच्या. मला वाटलं, लागू पडली.

एका दुपारी दुकानात कुणी नसताना त्या आल्या. म्हणाल्या, "भाऊ, माहा बाप गेला परवा."

"अरे! मला कळलं नाही ताई."

"मले रडू नाई आलं." हे त्यांनी दूध नासलं असं सांगावं तसं सांगितलं. "सारे रडत होते. मी पाणी देत होती. मले आतून काईच नाई झालं. ही गोळी रडूले बी धरते का जी?"

मी काहीतरी समजुतीचं बोललो. पण त्याच महिन्यात त्यांच्या पुतणीचं लग्न होतं, आणि तिथे मी त्यांच्या मंगलाष्टका ऐकल्या. मात्रा चोख होत्या. सुशील वधू, सद्गुणी वर, उभय कुळांचा आनंद. नावं बदलली की कुठल्याही मांडवात चालल्या असत्या. कुणी तोंड लपवलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि कुंदाताई मंद गोड हसल्या.

पुढच्या आठवड्यात प्रभाकररावांना घरातल्या कुंडीत मातीखाली वीस-पंचवीस गोळ्या सापडल्या. ते धावत माझ्याकडे आले. आम्ही सगळे हादरलो, कारण औषध एकदम तोडलं की आजार दुप्पट जोरानं येऊ शकतो, हे मॅडमनी बजावलं होतं. मी कुंदाताईंना जवळजवळ हात जोडले. "गोळी बदलून मागा, पण सोडू नका."

"डॉक्टरले काय सांगू? गाणं सुचत नाई म्हणू? हासतील मले."

"हसणार नाहीत. हेच सांगा. रडू आलं नाही, हेही सांगा."

त्या सांगतील याची मला खात्री नव्हती, म्हणून मीच एका कागदावर मुद्दे लिहून दिले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी गोळी बदलली. दुसरीनं हात थरथरू लागले, केस गळू लागले, आणि शब्द जिभेवर येऊन अडायचे. "कांद्याले कांदा म्हणाले मले येळ लागते," कुंदाताई म्हणायच्या. त्या दिवसांत माझा जीव सतत टांगणीला असायचा. त्या दिसल्या नाहीत की वाटायचं, कुंडीत काही पुरलं तर नाही. जरा मोठ्यानं बोलल्या की वाटायचं, आष्टीसारखं तर होत नाही. शैला म्हणायची, "तुमी तिच्याकडे परीक्षेच्या पेपरावानी कायले पाह्यता?"

तिसऱ्या खेपेला मॅडमनी लिथियम सुरू केलं. हे जुनं औषध आहे. सगळ्यांनाच मानवतं असं नाही, आणि देताना रक्त तपासत राहावं लागतं, कारण रक्तात कमी पडलं तर उपयोग नाही आणि जास्त झालं तर विष. कुंदाताईंना ते मानवलं. तीन-चार महिन्यांत चेहऱ्यावर काहीतरी हलायला लागलं. एकदा काउंटरवर उभ्या उभ्या बापाची आठवण निघाली आणि त्या पदर तोंडाला लावून रडल्या, दहा मिनिटं, मग डोळे पुसून म्हणाल्या, "आलं बापा एकदाचं." त्यांनी पुन्हा एका बारशाचा पाळणा केला. त्या बाळाच्या आजीला ऐकू येत नव्हतं, म्हणून पाळण्यात कुंदाताईंनी टाळ्यांचं कडवं घातलं होतं, आजीला दिसावं म्हणून. शैलानं घरी येऊन ते मला करून दाखवलं. मी त्या रात्री पोटभर जेवलो.

मग श्रावण आला.

शैला दरवर्षी श्रावणभर अळणी खाते. तिच्या आईपासूनचं आहे. घरात वरण-भाजी मिठाशिवाय होते आणि माझ्या ताटात मीठ बाजूला वाढतात. वरून घेतलेलं मीठ कधी आत मुरत नाही, यावर मी दरवर्षी महिनाभर कुरकुरतो. त्या वर्षी कुंदाताईंनीही व्रत धरलं. औषध मानवलं, गाणं परत आलं, त्याचं देवाजवळ काहीतरी फेडायला हवं, असं त्यांच्या मनात होतं. दोघी मैत्रिणी एकमेकींकडे अळणी भाकरी-भाजी पाठवायच्या.

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात कुंदाताई महिन्याच्या गोळ्या न्यायला आल्या. मी लिथियमची पाकिटं काढली, चिठ्ठीशी ताडून पाहिली आणि त्यांच्या हातात देता देता म्हणालो, "तुमच्या दोघींच्या भक्तीपायी आमच्या वरणाची चव गेली हो ताई." त्या हसल्या. मीही हसलो. त्या गेल्या.

आता बाहेरच्या वाचकासाठी एक गोष्ट सांगतो, जी मला दुकान उघडलं त्याच्या आधीपासून ठाऊक होती. लिथियम आणि मीठ शरीराला जवळजवळ एकाच घरची वाटतात. जेवणातलं मीठ एकदम तुटलं की मूत्रपिंडं घाबरी होतात, हाताला लागेल ते धरून ठेवतात, आणि लिथियमही बाहेर जाऊ देत नाहीत. गोळी तेवढीच राहते, पण रक्तात ती साचत जाते. परीक्षेत यावर मला प्रश्न आला होता आणि मी उत्तर बरोबर लिहिलं होतं. पण पुस्तकातलं ते मीठ आणि माझ्या घरच्या वरणातलं मीठ एकच, हे त्या दिवशी माझ्या टाळक्यात शिरलं नाही. उपास हा माझ्या लेखी बायकांचा विषय होता. जगाला "घरी काय खाता" विचारणारा मी, त्या बाई काय खातात हे मला न विचारता माहीत होतं, आणि मी त्यावर विनोद केला.

श्रावण संपत आला होता. दुपारी तीनचा सुमार. कुंदाताई पायरी चढल्या ते चिखलातून चालल्यासारख्या, पाय फाकवून. काउंटर धरून म्हणाल्या, "भाऊ, जुलाबाची गोळी द्या." जीभ जड होती. बाकड्यावरचा एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "बाई पिऊन आली वाटते." मी सवयीनं पाकीट काढलं, कात्री लावली आणि सवयीनंच विचारलं, "कोणासाठी?"

"माह्याचसाठी. तीन दिवस झाले. उलट्या बी."

मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांचा हात असा हलला की पाणी सगळं काउंटरवर. तेव्हा माझ्या हातातली कात्री खाली पडली.

"ताई, मीठ कधीपासून बंद आहे?"

"श्रावण लागला तवापासून. वहिनीसंगंच." आणि त्या अभिमानानं म्हणाल्या, "एक दिवस नाई चुकली मी."

शेजारच्याची गाडी मागवली, शैलाला घेतलं, प्रभाकररावांना फोन केला आणि वर्ध्याच्या मोठ्या रुग्णालयाकडे निघालो. तेवढा रस्ता मला आजवर कधी इतका लांब वाटला नव्हता. कुंदाताई शैलाच्या मांडीवर डोकं ठेवून होत्या. आधी शैलाला आईच्या नावानं हाक मारत होत्या, मग नुसत्या पुटपुटायला लागल्या. शैला पुन्हा पुन्हा विचारत होती, "काऊन झालं असं? माहंच खाऊन झालं का?" मी पुढच्या सीटवर बसून रस्त्याकडे बघत होतो. मला कारण माहीत होतं आणि माझं तोंड उघडत नव्हतं.

रक्तात लिथियम हवं त्याच्या दुपटीहून जास्त निघालं. गोळी बंद झाली, सलाईन लागलं. दोन दिवस मॅडम नुसतं "बघू" म्हणत होत्या. तिसऱ्या दिवशी कुंदाताईंनी शैलाला शैला म्हणून ओळखलं. मूत्रपिंडं वाचली. मॅडमनी आम्हाला बाहेर बोलावून मिठाचं सगळं समजावलं आणि विचारलं, "मीठ सोडण्याआधी कुणालाच विचारलं नाही का तुम्ही?"

"उपासाचं कोणाले विचारते जी?" प्रभाकरराव म्हणाले. "कोणाले ठाऊकच नव्हतं."

मी बाजूलाच उभा होतो. गप्प राहिलो.

दहा-बारा दिवसांनी कुंदाताई दुकानात आल्या. लिथियम पुन्हा सुरू झालं होतं, कमी मात्रेनं. चेहरा उतरला होता, पण नजर जागेवर होती. प्रभाकररावांच्या मनात मात्र जुनीच, ती पहिली गोळी बरी, निदान जीव घेत नव्हती, असं घोळत होतं. "ते म्हणतात, गाणं गेलं तर गेलं," कुंदाताई म्हणाल्या. "मॅडमनं मले एक मौका देल्ला. आता जरा बी इकडचं तिकडं झालं तर जुनी गोळी. मले भेव वाटते भाऊ. मी पुन्हा तशी होईन." मग मलाच धीर देत म्हणाल्या, "तुमी कायले वाईट वाटून घेता? तुमाले ठाऊक असतं तर तुमी सांगतलं असतं."

हे ऐकून मला राहवलं नाही. दुकानात कुणी नव्हतं. म्हणालो, "मला ठाऊक होतं ताई. मिठाचं ठाऊक होतं आणि तुमचं व्रतही ठाऊक होतं. लक्षात आलं नाही. माझी चूक झाली."

"ठाऊक होतं?"

"हो."

"वरणाची चव गेली म्हणाले होते तुमी. हासले होते. तवा गोळी तुमच्या हातात होती."

"हो."

मग त्या बोलल्या. ओरडल्या नाहीत, पण शब्द न् शब्द लागला. "मी नवऱ्यावर नाई तेवढा भरोसा तुमच्यावर ठेवला. गावाले ज्ञान सांगता, काय खाता, काय पिता! माह्या बारीले दात काढले तुमी? मी मेली असती म्हंजे वहिनी जनमभर सोताले खात बसली असती, आन् तुमी गप राह्यले असते. राह्यले असते ना?"

राहिलो असतो, बहुधा. त्या गोळ्या तिथेच काउंटरवर टाकून निघून गेल्या.

पुढचे दोन दिवस कसे काढले ते मलाच माहीत. गोळ्या माझ्याकडे आणि बाई घरी. शैलाला सगळं सांगून पाठवलं. ती माझ्यावर चिडली ती वेगळीच, पण गेली. कुंदाताईंनी दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी चौकातला दुसरा मेडिकलवाला भेटला आणि जरा खजील होऊन म्हणाला, "तुमच्याकडची ती लिथियमवाली बाई आता माझ्याकडून नेते. राग मानू नका." धंद्यात गिऱ्हाईक फुटल्याचा आनंद मला आयुष्यात तेवढा एकदाच झाला.

पण सुटका एवढ्यात नव्हती. पाचव्या दिवशी प्रभाकरराव भर गर्दीच्या वेळी आले. हातात कॅरीबॅग. काउंटरवर रिकामी केली तर त्यात पहिल्या गोळीची जुनी पाकिटं.

"भाऊ, आजार वाढून राह्यला. पाच दिवस झाले, नुसती तडतड. भांडे आपटते. तुमचं नाव काढलं का घरातून उठून जाते. काऊन म्हटलं तर सांगत नाई. उद्या वर्ध्याले नेतो, जुनीच सुरू करा म्हणतो. तोवर यातली एक देऊ का आज?"

सांगत नाही! पाच दिवस धुमसत होती ती बाई, आणि माझं दुकान, माझं नाव सांभाळत होती. नवऱ्यालाही बोलली नव्हती. आणि तोच राग आता आजार म्हणून तिच्या खाती जमा होणार होता.

"झोपतात का?" मी विचारलं.

"झोपते. दहाले झोपते, सहाले उठते."

"जेवण? फार भराभर बोलतात? काही वाटून टाकतात?"

"नाई, तसं काईच नाई. कामधाम बराबर. नुसता राग."

काउंटरशी सहा-सात माणसं उभी होती. बहुतेकांना मी नावानं ओळखत होतो. मी म्हणालो, "प्रभाकरराव, गोळ्या परत भरा. त्या माझ्यावर रागावल्या आहेत. लिथियमवर मीठ सोडायचं नसतं हे मला माहीत होतं, त्यांचं व्रतही माहीत होतं, आणि मी त्यांना सांगितलं नाही. माझ्या चुकीनं त्या मरता मरता वाचल्या. हा राग त्यांच्या जागी कुणालाही आला असता."

एक बाई आपली चिठ्ठी उचलून निघून गेली. प्रभाकरराव स्टुलावर बसले. ते माझ्यावर तुटून पडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी वेगळंच विचारलं.

"म्हंजे खरीच रागावली ती?"

"खरीच."

"आजार नाई?"

"मला नाही वाटत. पण मॅडमना फोन करून झोपेचं, जेवणाचं सांगा, आणि रागाचं कारणही सांगा. त्या ठरवतील."

ते कॅरीबॅगकडे बघत बसले. मग म्हणाले, "आमच्या घरी तिले रागवाची सोयच नाई राह्यली जी. जरा आवाज चढला का मी गोळ्यांची डबी पाह्याले धावतो." जुनी पाकिटं त्यांनी माझ्याकडेच टाकली आणि फोन करायला बाहेर गेले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, रक्त तेवढं तपासून घ्या म्हणाल्या, आणि गोळी होती तीच ठेवली.

याला आता वर्ष होऊन गेलं. लिथियम चालू आहे, रक्त वेळच्या वेळी तपासलं जातं. शैलाशी त्या पुन्हा बोलू लागल्या. मंगलाष्टका करतात, शैला ऐकून येते. माझ्याशी बोलत नाहीत. मी माफी मागायला दोनदा गेलो, दोन्ही वेळा प्रभाकररावांनीच चहा दिला. काळजी माझी गेलेली नाही. गल्लीत त्या दिसल्या की भीती एकाच गोष्टीची असते, की एखाद्या दिवशी त्या माझ्याकडे बघून मंद गोड हसतील.

मागच्या सोमवारी भाजीबाजारात समोरासमोर आलो. मी वांगी निवडत होतो. घरी येऊन पिशवी ठेवली तर शैला म्हणाली, "काय झालं? एवढे खूश काऊन?"

"कुंदाताई भेटल्या. मले पाहून तोंड फिरवलं."

"मंग त्यात हासाले काय झालं?"

"अगं, कसं फिरवलं ते पाह्यलं असतं तू," मी म्हणालो. "ताडकन."